शिंबाशीचा टीव्ही, खासबागची माती

आमच्या आजोबांच्या तोंडी शिवी नसायची. फारच संतापले तर एकच शब्द टाकायचे, "नुरा!" निकाल आधीच ठरवून, बिदागी वाटून घेऊन दोन पैलवान मैदानात उतरतात आणि लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतात, ती नुरा कुस्ती. पण आजोबांनी हा शब्द आखाड्यापुरता ठेवला नव्हता. दुधात पाणी घालणारा गवळी नुरा, निवडणूक जवळ आली की वाकून नमस्कार करणारा उमेदवार नुरा, आणि पोटदुखीचं सोंग करून शाळा बुडवणारी नातवंडंही नुराच.

माझं आजोळ कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. आजोबा तरुणपणी तालमीतच राहिलेले. दोन्ही कान मोडून त्यांचे गड्डे झाले होते, मान खांद्यांत बसली होती, आणि सत्तरीतही उकिडवे बसून तासभर शेंगा फोडायचे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतलं ते १९१२ साली. तिथल्या अगदी पहिल्या कुस्त्यांत महान गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष लढला, आणि ती कुस्ती आपल्या वडिलांनी झाडावर चढून बघितली, असं आजोबा सांगायचे. झाड कुठलं, हे दर वेळी बदलायचं. ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की हलगीचा आवाज मलाही ऐकू आल्यासारखा वाटतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे लग्नानंतर मी जाऊन पडले टोकियोत. आमच्या ह्यांची नोकरी तिकडची. १९८०चं दशक संपत आलं होतं. सुमिदा नदीच्या पूर्वेकडच्या जुन्या वस्तीत एका लाकडी घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. खाली मालकांचं तोफूचं दुकान. पहाटे तीनला सोयाबीन दळायला सुरुवात व्हायची आणि शिजत्या सोयाच्या दुधाचा वास जिन्यानं वर यायचा. मालक, त्यांची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि मालकांची म्हातारी आई. तिला सगळी गल्ली 'ओबाआचान' म्हणायची, म्हणजे आजी. आमच्या आजोबांच्याच वयाची; दोघंही १९१५च्या आगेमागे जन्मलेली.

ही आजी कुस्ती बघायची. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, आवाज बारीक करून. दोरांनी वेढलेला चौकोनी मंच, चमकत्या चड्ड्या घातलेले धिप्पाड लोक, आणि ही मूठभर बाई गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीपुढे ताठ बसलेली. मी आजोबांना एरोग्रामवर हे कौतुकानं लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ, "त्या बाईस्नी सांग, ते नुरा हाय."

आता हे कसं सांगायचं? पण मी सांगितलं. माझ्या तेव्हाच्या तोडक्यामोडक्या जपानीत, हातवारे करून. ओबाआचाननं सगळं नीट ऐकून घेतलं, मला बार्लीचा चहा दिला आणि म्हणाली, "तुझे आजोबा शिंबाशीला आले नव्हते ना, म्हणून."

शिंबाशी हे टोकियोतलं गजबजलेलं स्टेशन. गोष्ट १९ फेब्रुवारी १९५४ची. जपानात टीव्ही सुरू होऊन वर्ष झालं होतं. देशी बनावटीच्या संचाची किंमत पावणेदोन लाख येनच्या घरात, आणि सरकारी नोकरीत नव्यानं लागलेल्या पोराचा पगार पाच-साडेपाच हजार. कोण घेणार? म्हणून निप्पॉन टेलिव्हिजन या नव्या कंपनीनं स्टेशनांबाहेर, चौकाचौकांत उंच खांबांवर टीव्ही लावले. त्या संध्याकाळी कुरामाएच्या सुमो सभागृहात कुस्ती होती. एका बाजूला बेन आणि माइक शार्प हे दोघे दांडगे गोरे भाऊ, दुसऱ्या बाजूला रिकिदोझान आणि ज्युदोचा महामेरू मासाहिको किमुरा. शिंबाशीच्या त्या एका टीव्हीसमोर वीस हजार माणूस लोटलं होतं असं सांगतात.

ओबाआचान दहा वर्षांच्या पोराला, म्हणजे आमच्या घरमालकांना, घेऊन गेली होती. नवरा लढाईत गेलेला. १० मार्च १९४५च्या रात्री या नदीकाठावर बॉम्ब पडले, एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं जळाली. त्या आगीतून ती तान्ह्या पोराला पाठीशी बांधून निघाली होती. त्याबद्दल ती बोलायची नाही. शिंबाशीबद्दल मात्र किती वेळा विचारा. थंडी कशी होती, पोरगं जाहिरातीच्या फलकावर कसं चढलं, शेजारच्या माणसाच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास कसा येत होता. मालक म्हणतात, आपण फलकावर नाही, खांबावर चढलो होतो. त्यावर मायलेकांचा वाद व्हायचा, आणि मला आमच्या पणजोबांचं झाड आठवायचं.

"किमुरा मार खात होता," ती सांगायची. "सारखा मार खात होता. मग रिकि आत आला." आणि इथे ती आपला वाळलेला उजवा हात उचलायची, बोटं जुळवायची आणि तळव्याच्या कडेनं हवा कापायची. रिकिदोझानचा कराटे चॉप. गोऱ्या छातीवर तो हात बसला की वीस हजार गळ्यांतून एकच आवाज निघायचा. अमेरिकी फौजांचा अंमल संपून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. ज्यांच्याकडे मान वर करून बघायचं नाही अशी सात वर्षांची सवय, तेच लोक गुडघ्यावर आलेले दिसत होते. खरं तर शार्प बंधू अमेरिकनच नव्हेत, कॅनडातल्या हॅमिल्टनचे. पण ते त्या गर्दीला कोण सांगणार, आणि सांगून काय उपयोग होता.

मी हे सगळं आजोबांना कळवलं. आजोबांचा पुढचा प्रश्न तयार होता: हा रिकिदोझान मुळात कोणत्या तालमीचा?

सुमोचा. निशोनोसेकी नावाच्या सुमोच्या तालमीत तो १९४०मध्ये मैदानात उतरला आणि सेकिवाकेपर्यंत चढला. वरून तिसरी पायरी ती. १९५०मध्ये काहीतरी बिनसलं आणि त्यानं स्वतःच सुरी घेऊन आपली शेंडी कापली. सुमोगिराची शेंडी निवृत्तीच्या समारंभात, मानानं, वस्तादाच्या हातून उतरते. या गड्यानं ती स्वतः उतरवली. हे वाचून आजोबांना फार वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी त्यावर अर्धं पान लिहिलं. पुढच्याच वर्षी बॉबी ब्रन्स हा अमेरिकी मल्ल जपानला आला, त्याच्याशी रिकिदोझानची दहा मिनिटांची बरोबरीची कुस्ती झाली. मग तो हवाईत जाऊन शिकला आणि १९५३मध्ये जपानची पहिली मोठी व्यावसायिक कुस्ती संघटना त्यानं उभी केली.

त्याच १९५४च्या डिसेंबरात रिकिदोझान आणि किमुरा एकमेकांसमोर आले. किमुरा म्हणजे तोच, ज्यानं १९५१मध्ये ब्राझीलच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलिओ ग्रेसीचा हात मुरगाळून मोडला. आज जगभर त्या डावाला किमुराच म्हणतात. ओबाआचानच्या सांगण्याप्रमाणे किमुराच्या बायकोला क्षय होता, औषधं महाग, म्हणून हा ज्युदोतला देव पैशाच्या कुस्तीत आला. सामना बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, असं किमुरा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. पण मध्येच रिकिदोझान बिथरला. किमुरानं नको तिथे लाथ मारली, असं त्याचं म्हणणं. त्यानं किमुराला खरोखरीचं, रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं.

या पत्राला आजोबांचं उत्तर यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. त्यात होतं, "नुऱ्यातबी इमान लागतं. शब्द दिल्यावर फिरायचं न्हाई."

मी ते ओबाआचानला वाचून दाखवलं. ती एकदम म्हणाली, "बरोबर बोलतात ते." रिकिवर तिचा जीव होता, पण त्या डिसेंबरसाठी तिनं त्याला माफ केलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या आजोबांचं नाव तिनं 'खरे सेन्सेई', म्हणजे खरे गुरुजी, असं ठेवलं, आणि पत्र आलं की पोस्टमनकडून आधी तीच घ्यायची.

पुढची वर्षं तिच्या बोलण्यात भराभर जातात. दुकान चाललं, टीव्ही घरी आला, शुक्रवारी रात्री आठला कुस्ती. एका आठवड्याला कुस्ती, दुसऱ्या आठवड्याला डिस्नेचा कार्यक्रम, कारण दोन्हींचे पैसे भरणारी मित्सुबिशी. दोन कुस्त्यांच्या मध्ये मंचावर मित्सुबिशीचा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचे. घरोघरच्या बायका म्हणे कुस्तीइतक्याच लक्ष देऊन ते यंत्र बघायच्या. ओबाआचाननं तर पैसे साठवून ते घेतलंच. तिच्या सासूबाईंनाही कुस्ती लागली होती. पण १९६२मध्ये फ्रेड ब्लासी नावाचा अमेरिकी मल्ल आला. हा कानशिलं आणि कपाळं चावायचा, टीव्हीसमोर कानस घेऊन दात घासायचा. ती कुस्ती बघताना काही म्हातारी माणसं धक्क्यानं दगावली अशा बातम्या पेपरात आल्या. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं सासूबाईंची कुस्ती बंद झाली. सासूबाई भिंतीपलीकडे कान लावून बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी ओरडून विचारायच्या, "चावला का?"

१९६३च्या मे महिन्यात रिकिदोझान आणि मुखवटा घालणारा डिस्ट्रॉयर यांची झुंज टीव्ही असलेल्या शंभरातल्या चौसष्ट घरांनी बघितली. त्याच डिसेंबरात आकासाकातल्या एका नाइट क्लबमध्ये एका गुंडानं रिकिदोझानच्या पोटात सुरी खुपसली, आणि आठवड्यानं, १५ तारखेला तो गेला. वय अवघं ३९.

आता जे लिहिते आहे ते ओबाआचाननं मला फार उशिरा सांगितलं. रिकिदोझान जपानी नव्हता. कागदोपत्री नागासाकीकडच्या ओमुराचा, पण जन्म कोरियातला, आज उत्तर कोरियात मोडणाऱ्या भागातला. नाव किम सिन-राक. जपानच्या अपमानाचा बदला घेणारा म्हणून ज्याला देशानं डोक्यावर घेतलं, त्याला आपलं गाव आणि भाषा मरेपर्यंत झाकून ठेवावी लागली. सर्वसामान्यांना हे कळलं ते तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

"तुम्हाला कळलं तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं होतं. ती आल्याची साल चमच्यानं खरवडत होती. ती १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपाबद्दल बोलायला लागली. तेव्हा ती आठ वर्षांची. भूकंपानंतर अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत, आणि जमावांनी, पोलिसांनी, सैनिकांनी हजारो कोरियनांना मारलं. याच नदीकाठांवर. तिच्या गल्लीच्या टोकाला भंगार गोळा करणारं एक कोरियन कुटुंब राहायचं. मोठ्यांनी तिला घरात कोंडून ठेवलं, आणि नंतर ते कुटुंब तिला कधी दिसलं नाही. "मोठी माणसं काय बोलत होती ते मी भिंतीआडून ऐकलं होतं," ती म्हणाली. "रिकिनंही लहानपणी आपल्या घरी ऐकलंच असेल. आणि तरी तो आमच्यासाठी मार खात होता." एवढं बोलून तिनं आलं किसायला घेतलं. हे मी आजोबांना लिहिलं नाही. ते पत्रात मावणारं नव्हतं.

आजोबांना ओढ होती ती तालमीची. निकालाचं सोडा म्हणाले, पोरं मेहनत काय करतात ते सांग. आणि इथे मला सांगण्यासारखं भरपूर सापडलं. घरमालकांचा एक आतेभाऊ उमेदवारीत मल्ल व्हायला गेला होता आणि तीन महिन्यांत पळून आला होता. त्याच्याकडून ऐकलेलं हे. पोरगं तालमीत राहायला येतं. पहाटे झाडलोट, मोठ्यांचे कपडे, मोठ्यांची पाठ चोळणं, सामन्याच्या गावी मंच उभारणं, मोडणं, सामान वाहणं. आणि बैठका. पाचशे, हजार, घामाचं थारोळं साचेपर्यंत. साधी काळी चड्डी, काळे बूट; शोभेचे डाव करायची परवानगी नाही. आधी पडायला शिकायचं, मग पडून उठायला. कुस्ती ठरवलेली असो नाहीतर नसो, लाकडी फळ्यांवर पाठ आपटायची ती खरीच आपटते.

या बैठकांना जपानी मल्ल 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात, हे कळल्यावर आजोबांना केवढा आनंद झाला! त्या तिकडे कशा पोचल्या याचा शोध त्यांनी पत्रातून मला घ्यायला लावला. कोणी दारासिंगचं नाव घेतं. १९५५मध्ये किंगकाँग आणि दारासिंग दोघंही जपानला गेले होते. मुंबईत वरळीला गर्दी खेचणारी हीच जोडी. कोणी कार्ल गॉचचं नाव घेतं. हा बेल्जियममध्ये जन्मलेला मल्ल. आपल्याकडच्या दंड, बैठका, मुद्गल यांवर त्याची श्रद्धा होती आणि जपानी पोरांच्या एका अख्ख्या पिढीला त्यानं घडवलं. जपानात त्याला 'कुस्तीचा देव' म्हणतात. आजोबांनी लिहिलं, "त्या गॉचला माझा नमस्कार कळव." कसा कळवणार? पण ओबाआचान म्हणाली, मनात म्हण, पोचतो.

मग खुराक. जपानी मल्लांच्या तालमीत 'चांको' शिजतं, तेही सुमोतूनच आलेलं. मोठ्या भांड्यात रस्सा, त्यात कोंबडी, कोबी, मुळा, माशांचे गोळे, तोफू, आणि शेवटी उरलेल्या रश्श्यात भात नाहीतर जाड शेवया. आमच्या मालकांकडून जवळच्या सुमो तालमीत रोज तोफूच्या वड्या जायच्या. सुमोगीर स्पर्धेच्या दिवसांत कोंबडीच पसंत करतात, कारण ती दोन पायांवर उभी असते. चार पायांचं जनावर खाल्लं तर आपलेही हात जमिनीला टेकतील आणि हार होईल. यावर आजोबांचं उत्तर लांबलचक होतं. बकऱ्याच्या पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या कोल्हापूरच्या पैलवानांनी काय काय चितपट केलं त्याची यादी, आणि शिवाय थंडाईची कृती. भिजवलेले बदाम सोलून, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत सोट्यानं घोटायची. पठ्ठ्यांनी वस्तादांसाठी आधी घोटायची, मग स्वतःसाठी. हौदातली माती कशी राखायची तेही होतं: ताक, तेल, हळद, लिंबू. ओबाआचाननं मातीत ताक घालतात हे ऐकून डोळे विस्फारले. तोफूवाल्या बाईला आंबवण्यातलं सगळं कळायचं, तिला ते पटलं.

एका पत्रात खाशाबा आले. ते येणारच होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत असताना आजोबांनी त्यांना मैदानात बघितलेलं. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे ते ज्याच्याकडून गुणांवर हरले तो जपानचा शोहाची इशिई, मुळात ज्युदोचा गडी. सुवर्ण त्यालाच मिळालं. लांबलेल्या त्या कुस्तीनंतर दम खायला न देता खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला लावलं, याचा राग आजोबांना चाळीस वर्षांनीही ताजा होता. मी घाबरतच ओबाआचानला इशिईबद्दल विचारलं. तर तिला तो ठाऊक होता. युद्धानंतर जपानला मिळालेलं पहिलं सुवर्ण, रेडिओवर ऐकलेलं. तिनं आत जाऊन देवघरातला एक मोची आणला, कागदात गुंडाळला आणि म्हणाली, "हा खाशाबा-सानसाठी." खाशाबा १९८४मध्येच अपघातात गेले होते. मी तिला ते सांगितलं. "म्हणूनच देवघरातला दिला," ती म्हणाली.

भारतीय म्हटल्यावर दुकानातली गिऱ्हाइकं आम्हाला मात्र वेगळंच विचारायची: तलवार कुठे आहे? कारण त्यांच्या डोळ्यांसमोर टायगर जीतसिंग. पंजाबातून कॅनडात गेलेला, फेटा बांधून, तलवार दातांत धरून येणारा मल्ल. १९७३च्या नोव्हेंबरात त्यानं शिंजुकूच्या इसेतान या मोठ्या दुकानासमोर, भर रस्त्यात, बायकोबरोबर खरेदीला निघालेल्या अँटोनियो इनोकीला मारहाण केली. पोलीस आले, पेपरांत आलं. आमचे हे जेमतेम पाच फूट पाच इंच, चष्मा लावणारे. पण गल्लीतली पोरं त्यांना बघून दोन वर्षं तरी भिंतीला चिकटून चालत होती.

आजोबांचा इनोकीवर मात्र राग होता, आणि त्याचं कारण थेट खासबागपर्यंत जातं. रिकिदोझानचे दोन चेले. एक हा इनोकी. कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेलेला, तिथे शेतमजुरी करणारा पोर, जो रिकिदोझानला साओ पाउलोत सापडला. दुसरा जायंट बाबा, सहा फूट दहा इंचांचा, आधी योमिउरी जायंट्सचा बेसबॉलपटू. दोघं एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६०ला, मैदानात उतरले आणि १९७२मध्ये दोघांनी आपापली वेगळी संघटना काढली. इनोकीनं १९७६च्या जूनमध्ये मुहम्मद अलीशी सामना केला; पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घातल्या आणि बरोबरी झाली. लोक तेव्हा चिडले. त्याच डिसेंबरात तो कराचीला गेला आणि अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा. आमच्या पणजोबांनी झाडावरून बघितलेल्या इमामबक्षचा! ठरलेली कुस्ती आयत्या वेळी खरी झाली म्हणतात, आणि इनोकीनं अक्रमचा हात मोडला. गामाच्या घराण्याचा हात. आजोबांनी ती बातमी तेव्हा पेपरात वाचली होती आणि त्या दिवशी जेवले नव्हते, असं आजी सांगायची.

पण पुढची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती मी घरमालकांकडून ऐकून कळवली. १९७९मध्ये इनोकी लाहोरला परत गेला, अक्रमचा पुतण्या झारा याच्याशी लढला, सामना बरोबरीत सुटला आणि इनोकीनं स्वतः झाराचा हात धरून वर केला. आजोबांचं उत्तर एका ओळीचं होतं, "मग ठीक हाय."

ओबाआचानला इनोकीची घाई सोसत नसे. तिचा जीव बाबावर. बाबा सावकाश चालायचा, सावकाश मारायचा, सिगार ओढायचा, फावल्या वेळात समुद्राची चित्रं रंगवायचा, आणि दिलेला शब्द पाळणारा म्हणून परदेशी मल्लही त्याच्यावर विसंबायचे. तिच्या नातीचं आणखी तिसरंच. १९८५मध्ये ती पंधरा वर्षांची होती आणि देशभरच्या शाळकरी मुलींसारखी 'क्रश गॅल्स'वर वेडी होती: चिगुसा नागायो आणि लायनेस असुका. जपानात बायकांच्या कुस्तीची मोठी संघटना १९६८पासून चालत होती. दारू, तंबाखू आणि पुरुष तिघांनाही बंदी, पंचविशीला निवृत्ती. त्या ऑगस्टमध्ये ओसाकात चिगुसा डंप मात्सुमोतोकडून हरली आणि ठरल्याप्रमाणे भर मैदानात तिचे केस कापले गेले. सभागृहात मुली हमसून रडत होत्या, टीव्हीपुढे ही. ओबाआचाननं तिच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, "केस येतात. जेव."

याच नातीबरोबर मी एकदा कोराकुएन हॉलला गेले. पाचव्या मजल्यावरचं साधं सभागृह, जेमतेम दोन हजार माणसांचं, जिन्याच्या भिंती वर्षानुवर्षांच्या चाहत्यांच्या लिखाणानं भरलेल्या. मल्लाचं नाव पुकारलं की चारी बाजूंनी रंगीत कागदी फिती उडायच्या. तिनं मला फीत टाकायला शिकवलं: आधी गुंडाळी सैल करून घ्यायची, मधली पुठ्ठ्याची नळी काढायची म्हणजे कोणाला लागत नाही, टोक बोटाला धरून ठेवायचं आणि मनगटानं वर फेकायची. फिती मंचावर पडल्या रे पडल्या की काळ्या चड्डीतली उमेदवार पोरं धावत येऊन कवेत गोळा करायची आणि दोरांखालून पसार व्हायची. मी मल्लांपेक्षा त्या पोरांकडेच बघत बसले. कान अजून मोडायचे होते.

आजोबा १९९४मध्ये गेले, ओबाआचान त्यानंतर दोन हिवाळ्यांनी. बाबा गेला तो १९९९च्या जानेवारीत. ते तिला बघावं लागलं नाही, हे बरंच झालं. आम्ही तोवर पुण्याला परतलो होतो. २००९च्या जूनमध्ये नातीचा फोन आला: हिरोशिमात सामना चालू असताना मित्सुहारु मिसावा मंचावरच कोसळला आणि गेला. बाबाच्या हाताखाली वाढलेला. मानेवर पडणं हे त्याचं रोजचं काम होतं. हजारदा पडून उठलेला माणूस त्या दिवशी उठला नाही. ती बराच वेळ बोलत राहिली, आणि मध्येच म्हणाली, "खऱ्या सेन्सेईंना आता काय कळवायचं?" आजोबा असते तर मी हेही त्यांना लिहिलं असतं, आणि उत्तरात तो शब्द आला नसता.

तोफूचं दुकान आता नातीचा नवरा चालवतो. त्यांची धाकटी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला मल्ल व्हायचं आहे. घरात रणधुमाळी. बापाचा विरोध, आजोबांचा, म्हणजे आमच्या घरमालकांचा, छुपा पाठिंबा. गेल्या महिन्यात तिनं मला व्हिडिओ कॉल केला. पणजीच्या डब्यात जुन्या पत्रांबरोबर तिला माझ्या अक्षरातलं थंडाईचं जपानी भाषांतर सापडलं होतं. खसखस टोकियोत मिळते का, मिरी सोलायची का, कुंडी नसेल तर मिक्सर चालेल का, असे तिचे प्रश्न. मी एकेक सांगत गेले. शेवटी म्हणाली, "बदाम किती घेऊ? इथे शंभर लिहिलेत."

"बैठका किती होतात?"

"साडेतीनशे."

"मग वीस घे," मी म्हटलं. "पाचशे झाल्या की फोन कर."